कासोलोच्या दलदलीतली बाळंतीण

कासोलो, ३ मार्च १९९१

नाबावेसी,

आधी डबा उघड, पत्र मागाहून वाच. डब्यातले ढेकूण तुझे आहेत, त्यांना घाई आहे. पत्र माझं आहे, त्याला काही घाई नाही.

तू सांगितलेलं स्पिरिट दवाखान्यात नव्हतं. शेवटी वारगीच्या दोन बाटल्या आणल्या आणि तुझे ढेकूण त्यात बुडवले. मासाकाच्या पोस्टातल्या माणसाने डबा नाकाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय, मास्तर?"

"ढेकूण आहेत."

"दारूत?"

"मेलेले आहेत."

"सुखाने मेले म्हणायचे," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे एक कार्ड. 'पाण्यातले ढेकूण पाठव. पाठीवर अंडी असलेले आणि नसलेले, दोन्ही. कुठल्या पाण्यात सापडले, किती खोल, आसपास कोणत्या वनस्पती, नर की मादी, सगळं चिठ्ठीवर लिही.' खाली सही. बायकोने परदेशातून नवऱ्याला लिहिलेलं पहिलं पत्र! मी ते उलटून पाहिलं, मागे पत्ता आणि बेल्जियमचं तिकीट होतं, बाकी कोरं. कसा आहेस नाही, नांतुमे कशी आहे नाही. संग्रहालयात मेलेल्या किड्यांमध्ये राहून माणूस असा होतो की तू आधीपासूनच अशी होतीस, यावर मी विचार करतो आहे.

बस सुटताना आपण जे बोललो ते मी विसरलेलो नाही, तूही विसरली नसशील. तू म्हणालीस, "कासूले, ही पोर तुझ्या बहिणीच्या घरी गेली ना, की मी परत येणार नाही. मग तिथेच राहीन." दूध तुटलं की पोर बापाच्या बहिणीकडे, सेंगाकडे जायचं, ही आपली रीतच. तुलाही तुझ्या सेंगाने नेलं आणि तू लग्नापर्यंत तिची भांडी घासलीस. त्यामुळे तुझं बोलणं मला लागलं नाही. लागलं ते पुढचं. "महिनाभरात देशील तू. पुरुषाला काय जमतंय."

मग मीही म्हणालो, "देणार नाही. आणि तुला 'ये' म्हणून लिहिणारही नाही. यायचं तर आपल्या पायांनी यायचं."

दोघांनी शब्द दिलाय. माझा मी पाळणार. हे सोडून बाकी सगळे शब्द पत्रात येतील.

नांतुमे नाचणीची पेज पिते. पहिले काही दिवस वाटी भिंतीवर मारायची, आता माझ्या अंगावर मारते. प्रगती आहे.

कासूले


कासोलो, २१ एप्रिल

नाबावेसी,

'वारगी चालेल. पहिल्या धारेची वापर, दुसऱ्या धारेत पाय गळून पडतात.' हे तुझं कार्ड शाळेत आलं. मी वर्गात मोठ्याने हसलो. पोरांना वाटलं, मास्तरांची बायको परत येतेय. मी त्यांना भागाकार घातले.

पहिल्या धारेची आणली आहे. दारूवाली म्हणाली, "मास्तर, बायको गेल्याचं दुःख समजतं, पण एवढं?" मी पैसे मोजून दिले. गावात आधीच सगळे म्हणतात की मास्तराची बायको विमानाने ढेकूण शिकायला गेली, आमच्या खाटेत तर फुकट होते.

पाऊस लागलाय आणि दलदल रस्त्यापर्यंत आली आहे. मी तीन ठिकाणी जाळं मारलं. गुरं पाण्यावर येतात तो उथळ भाग: तिथे पाणी गढूळ, शेणाचं, गुडघाभर. चर्चमागचं कमळांचं तळं: पाणी स्वच्छ, मांडीभर. आणि पपायरसच्या बेटांची कड, जिथे पाणी काळं आणि पाय कुठे जाईल ते सांगता येत नाही. ढेकूण तिन्हीकडे आहेत. अंगठ्याएवढे, चपटे, वाळक्या पानाच्या रंगाचे. शेपटीचं टोक पाण्याबाहेर काढून श्वास घेतात आणि चावले तर हात बधिर होतो. हे मी चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. ही माझी वैयक्तिक माहिती आहे.

नर-मादी वेगळे केलेत. फारसं अवघड गेलं नाही. अंडी पाठीवर ती मादी, बिनअंड्याचा तो नर. तुमच्या मुकोनोकडे या किड्याला काय म्हणतात ठाऊक नाही. आमच्या कासोलोत अंडीवालीला 'नाकावेरे' म्हणतात. म्हणजे बाळंतीण. सेकाबिरा आजोबांच्या जाळ्यात आली तर ते तिला सोडून देतात, आणि नुसती सोडत नाहीत, जे खात असतील त्यातला घास पाण्यात टाकतात. "नाकावेरेकडे रिकाम्या हाताने जाऊ नये" हे माणसांच्या बाळंतिणीसाठी आहे, पण कोळ्यांनी तो नियम पाण्यातही नेला आहे. मी जाळ्यातून एक बाळंतीण काढून बाटलीत टाकली तेव्हा म्हातारा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

तू विचारलेलं नाहीस तरी सांगतो. जाळं दोन्ही हातांनी धरावं लागतं, त्यामुळे मी पाण्यात असतो तेव्हा नांतुमेची सोय करावी लागते. सोय केलेली आहे. काळजी नसावी.

कासूले


कासोलो, ९ जून

नाबावेसी,

तुझं कार्ड घेऊन मी बराच वेळ दगडावर बसलो होतो. 'अंडीवाले सगळे नर आहेत. मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि निघून जाते. सगळ्या चिठ्ठ्या दुरुस्त कर.'

चिठ्ठ्या दुरुस्त करतो. 'आणि निघून जाते' लिहिताना तुझा हात थांबला का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. अक्षर तर सरळ आहे.

सेकाबिरा आजोबांना सांगितलं. ते होडीत बसून जाळं शिवत होते.

"नर?"

"नर."

"कोण म्हणतं?"

"नाबावेसी म्हणते. बेल्जियमहून."

"बेल्जियममधून तिला आमच्या दलदलीतलं दिसतं होय! मास्तर, माझ्या आजोबांच्या आजोबांपासून ती नाकावेरे आहे. तिच्या अंगावरचं कापड उचलून बघायला कुणी गेलं नव्हतं, आम्ही सभ्य माणसं."

"आजोबा, मादी त्याच्या पाठीवर अंडी घालते आणि जाते."

"कुठे जाते?"

"ते कार्डावर नाही."

ते हसले. दात नाहीत, त्यामुळे त्यांचं हसणं सगळं दिसतं. मग माझ्या पाठीकडे बघून म्हणाले, "हां. म्हणजे तशी."

तर आता लिहावंच लागेल. सोय केली असं म्हणालो होतो, ती सोय म्हणजे तुझं निळं लेसू, कमरेला गुंडाळायचं ते कापड. पेटीत राहिलेलं. नांतुमेला पाठीवर घेतो, लेसू गुंडाळतो आणि पुढे छातीवर गाठ मारतो. पाण्यात तसाच जातो, शाळेत तसाच जातो. फळ्यावर लिहिताना ती माझे कान ओढते. पोरं आधी हसायची, आता तिने कान ओढला की तीच मला सांगतात, "मास्तर, तिला झोप आलीये."

बायाबापड्या मात्र अजून हसतात. विहिरीवर मला नाकावेरे म्हणतात. "नाकावेरे मास्तर, दूध उतरलं का?" एकीने तर माझ्या पायाशी चिमूटभर मीठ ठेवलं, बाळंतिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. मी मीठ घेतलं. घरात संपलं होतं.

सुरुवातीला मी हे तुझ्यावर चिडून केलं, हे सांगून टाकतो. 'पुरुषाला काय जमतंय' या वाक्याला उत्तर म्हणून. प्रत्येक सकाळी गाठ मारताना मनात तुझ्याशी भांडायचो. आता भांडण मध्येच विसरतो. ती मानेवर गाल टेकून झोपते आणि मान ओली होते. मला ते आवडतं. तुला सांगितल्यावर तू जिंकलीस असं होत नाही ना, याचा विचार करून शेवटी लिहिलं.

एका अंडीवाल्याला, म्हणजे नराला, परातीत ठेवलंय. तो दर थोड्या वेळाने वर येतो आणि पाठ पाण्याबाहेर काढून अंड्यांना हवा देतो. मागच्या पायांनी त्यांच्यावरून हात फिरवल्यासारखं करतो. बिनअंड्याचे परातीत टाकलेलं सगळं फस्त करतात, हा जेवणाकडे बघतही नाही. मी त्याला नाव ठेवलेलं नाही. तू म्हणशील नाव ठेवायचं काम माझं आहे.

कासूले


कासोलो, २८ जुलै

नाबावेसी,

अक्का आली होती, नांतुमेची सेंगा म्हणून.

आधी तुझं काम. मागच्या डब्यात काही ढेकणांचे पुढचे हात बारीक होते, ते तुला दिसलंच असेल. बाकीच्यांचे दंड जाड, कुस्तीगिरासारखे. बारीक हातवाल्यांचे नुसते हलकेसे वाकलेले. मला वाटलं, त्यांची अजून वाढ व्हायची आहे. तू लिहिलंस, 'वाढ नाही, वेगळी जात असू शकेल. संग्रहालयात असा एकच नमुना आहे, जुना, त्यावर जागा लिहिलेली नाही. हे कुठल्या पाण्यात मिळाले ते शोध. नक्की जागा हवी.' मी शोधतोय. ते तिन्ही ठिकाणांचे ढेकूण मी एका बादलीत मिसळले होते. मिसळायला नको होते, मान्य.

आता अक्का. ती बाजारच्या गाडीने आली, सणाचं गोमेसी घालून. दारात मी पोरीला पाठीवर घेऊन केळी सोलत होतो. आमचे नमस्कार-चमत्कार लांबले. तुला ठाऊक आहे, अक्काला गुरांचीसुद्धा खुशाली विचारावी लागते. मग ती चटईवर बसली आणि म्हणाली, "मी न्यायला आलेय."

"कुणाला?"

"तुला नाही. तुला कोण नेतंय?"

"अक्का, ती इथे बरी आहे."

"बरी आहे? गोगलगायीच्या पाण्यात फिरवतोस तिला. त्या पाण्याने पोट फुगून किती पोरं गेली, मोजू का? आणि वर्ष झालं तिला, उभी तरी राहते का? राहील कशी! तुझी पाठ म्हणजे तिचं अख्खं गाव."

हे मला लागलं, कारण ते खोटं नाही. नांतुमे अजून चालत नाही. जमिनीवर ठेवली तर बसून राहते आणि माझ्या पायाला धरते. आणि गेल्या महिन्यात तिला ताप येऊन गेला, तो मी तुला लिहिला नव्हता. मलेरियाचा होता, पाण्याचा नाही. औषध दिलं, उतरला. आता लिहिलं.

मी अक्काला परात दाखवली. म्हटलं, "हा बघ. बाप आहे. अंडी याच्या पाठीवर असतात."

अक्काने वाकून पाहिलं. "मग?"

"ही अंडी त्याच्या पाठीवरून काढली तर मरतात. मी काढून पाहिली, अर्धी. बुरशी आली."

"कासूले, माझ्या अंगणात बोकड आहे. तो काय करतो ते सांगू? तू किड्यांकडे बघून संसार करणार असशील तर बोकडाचंही ऐक."

केळी सोलायचं सोडून मी हसलो. अक्काशी वादात कोण जिंकलंय? तिने सहा पोरं वाढवलीत, त्यातली तिची स्वतःची दोनच. कुणाला उपाशी ठेवलं नाही, कुणाला मारलं नाही. तिच्या घरी भांडी घासावी लागतात, हेही खरं. मलासुद्धा तिनेच वाढवलंय. आई शेतात असायची तेव्हा मी अक्काच्या पाठीवर असायचो, ती स्वतः तेव्हा केवढीशी होती.

जाताना म्हणाली, "टोळ पडायला लागले की येते. तेव्हा नेणार. भाऊबंदांनाही सांगून ठेवलंय. तुझी बायको तिकडे, तू पाण्यात, पोर कुणाची? कुळाची."

टोळ नोव्हेंबरात पडतात. तेव्हा भाऊबंद हो म्हणाले की माझ्या नाहीला किंमत नाही. तुला सांगणं माझं काम होतं. मी तुला काही करायला सांगत नाही.

कासूले


कासोलो, १५ सप्टेंबर

नाबावेसी,

जागा सापडली. आणि ती तुझ्या लेकीला सापडली आहे, हे चिठ्ठीवर लिहिता येत असेल तर लिही.

पपायरसच्या बेटांमागे एक झरा आहे हे मला माहीत होतं, पण तिथे पाय ठेवायला जागा नाही म्हणून मी जात नव्हतो. परवा कडेला उभा होतो. नांतुमेच्या हातात चमचा होता. तिला तो द्यावाच लागतो, नाहीतर ती माझे केस धरते. तिने चमचा फेकला, सरळ झऱ्याच्या डबक्यात. चमचा तुझ्या आईने दिलेला होता, सोडणार कसा? झाडाची फांदी धरून आत उतरलो, जाळं मारलं, चमचा काही आला नाही. वर आल्या गोगलगायी, मूठभर, आणि त्यांच्यात चार ढेकूण, सगळे बारीक हातांचे. एकजण गोगलगायीच्या तोंडात डोकं खुपसून बसला होता आणि मी जाळं हलवलं तरी जेवण सोडायला तयार नव्हता. तेव्हा कळलं की हात बारीक का. पळणारं भक्ष्य धरायला दंड लागतात. गोगलगाय कुठे पळणार आहे!

लिहून घे. पाणी थंड, झऱ्याचं, स्वच्छ. कमरेएवढं. तळाशी कुजलेली पानं, वर बारकं शेवाळ, कमळ नाही, गुरं येत नाहीत, सावली दिवसभर. पुन्हा तीनदा गेलो. गुरांच्या पाण्यात आणि कमळतळ्यात जाळं मारून पाहिलं, तिथे बारीक हातवाला एकही नाही. तो फक्त या डबक्यात राहतो. अंडीवाले दोन मिळाले. दोघेही नर, मी आता फसत नाही. तुझ्यासाठी बिनअंड्याचे पाठवलेत आणि अंडीवाला एकच. दुसरा डबक्यात परत सोडला. सोडताना खिशात चपातीचा तुकडा होता, तो पाण्यात टाकला. कुणी पाहिलं नाही.

सेकाबिरा आजोबांना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "आता मला सांग मास्तर, याला काय म्हणायचं? नाकावेरे हा बाईचा शब्द आहे."

मी म्हटलं, "तुम्ही मला काय म्हणता?"

"नाकावेरे."

"मग?"

म्हाताऱ्याने पुन्हा वाकून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आता माझं. मी शब्द दिलाय, तो मोडत नाही. तू काय करावंस हेही सांगत नाही. पण अक्काला एक ओळ लिहिशील का? माझं ती ऐकणार नाही, मी तिच्यासाठी अजून पाठीवरचं पोर आहे. तू पोरीची आई आहेस. 'राहू द्या' एवढंच लिही. तुला तिचा राग आहे, मला ठाऊक आहे. राग ठेवूनसुद्धा ओळ लिहिता येते, मी सहा महिने हेच करतो आहे.

रात्री झोप लागत नाही, हे पहिल्यांदाच लिहितोय. मला भीती वाटते, नाबावेसी. तू येशील की नाही ही निराळी भीती. त्याआधी ही: एका सकाळी मी लेसू उचलीन आणि त्यात बांधायला कुणी नसेल.

कासूले


कासोलो, २४ नोव्हेंबर

नाबावेसी,

टोळ पडले. अख्खं गाव पोती घेऊन धावतंय, घराघरात टोळ तळल्याचा वास आहे. अक्का म्हणाली होती तशी आली.

तुझी ओळ तिला आली नव्हती. मला कार्ड आलं, ती येण्याच्या आदल्या दिवशी. 'जात वेगळी आहे, आता शंका नाही. जुन्या नमुन्याला जागा नव्हती, तुझ्यामुळे जागा मिळाली. अंडीवाल्याची अंडी काढू नकोस.' एवढंच. मी ते खिशात घातलं. रागावलो, खोटं कशाला बोलू. मी रडकुंडीला येऊन पोरीबद्दल लिहितो आणि बाई मला अंड्यांबद्दल सांगते.

अक्का घरी गेली, मी नव्हतो. मी डबक्यात होतो. ती दलदलीच्या कडेपर्यंत आली, चपला हातात, गोमेसी गुडघ्यापर्यंत उचललेलं, डोक्यावर टोपली. तिथून ओरडली, "कासूले! मगरीसारखा काय बसलायस? बाहेर निघ."

मी बाहेर आलो. कमरेपासून खाली चिखल, पाठीवर नांतुमे झोपलेली. अक्काने टोपली खाली ठेवली. माझ्यामागे आली आणि पोरीचे पाय हातात घेतले. आधी एक, मग दुसरा. तळवे चाचपले.

"कोरडे आहेत," ती म्हणाली.

"कधीच भिजले नाहीत, अक्का."

"कधीपासून आहे वर?"

"सकाळपासून."

"सोड तिला. गाडी थांबवून ठेवलीये."

गाठ छातीवर असते. लेसू बांधणाऱ्यालाच ती सोडता येते, मागून कुणाला येत नाही. मी गाठीवर हात नेला. नाबावेसी, मला ती सोडता आली नाही. नाही म्हणायचं ठरवलं होतं, भाषण तयार होतं, किड्यांसकट. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. हात नुसते गाठीवर राहिले.

"अक्का, तूच सोड," मी म्हणालो.

ती पुढे आली, गाठीकडे बघितलं. "ही कसली गाठ? बोकड बांधलायस का?" तिने ती सोडली. तिची बोटं फार चपळ आहेत. लेसूची दोन्ही टोकं तिच्या हातात आली आणि पाठीवर वजन सैल झालं. नांतुमे जागी झाली. रडली नाही. तिने फक्त माझ्या मानेभोवती हात घातले आणि सदऱ्याची कॉलर मुठीत धरली.

अक्का तशीच उभी. टोकं हातात. ती घेऊन जाऊ शकत होती, मी अडवलं नसतं. मला वाटतं तिलाही ते माहीत होतं.

मग तिने लेसू झटकलं. माझ्या पाठीवर पोरीला वर सरकवलं, एवढं वर की मला वाकावं लागलं. "वाक अजून. ओझं कमरेवर घ्यायचं, खांद्यावर नाही. खांद्यावर घेतोस म्हणून तर वाकडा चालतोस." वरची कड काखेखालून घेतली, ओढली, खालची कड दुमडून आत खोचली. "हे कोपर आत. आत रे, गाढवा! ही अशी पिळायची, मग खाली घालायची. गाठ नसते मारायची, पीळ द्यायचा. तू माझ्या पाठीवर असताना मी नऊ वर्षांची होते, एकदाही पडला नाहीस."

"आठवत नाही."

"पडला असतास तर आठवलं असतं."

तिने पीळ ओढून पाहिला. मग म्हणाली, "मुलगी सोडली असं समजू नकोस. गाठ शिकवलीये. भाऊबंदांना मी सांगते काय सांगायचं ते. आणि दिवसातून घटकाभर तरी तिला जमिनीवर ठेव, तुझ्या पाठीला मुळं फुटतील तिला."

टोपलीत दाण्याचं कूट, केळीच्या पानात बांधलेला मासा आणि तळलेले टोळ होते. पोरीच्या प्रवासासाठी आणले होते. अक्काने टोपली माझ्या पायाशी सरकवली.

"घे. नाकावेरेकडे रिकाम्या हाताने आले असं नको व्हायला."

ती वळून चालायला लागली. दलदलीच्या कडेने, चपला हातात, एकदाही मागे न बघता. मी तिथेच बसून रडलो. नांतुमेने माझा कान ओढला.

घरी येऊन खिशातलं कार्ड काढलं, ओलं झालं होतं. वाळवायला चुलीजवळ उभं केलं तेव्हा तिकिटाच्या बाजूला, अगदी कडेला, पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. आदल्या दिवशी रागात मी उलटून पाहिलंच नव्हतं. तीन शब्द आहेत आणि शाईने लिहायचा धीर तुला झाला नसावा.

'ती चालते का?'

मी तुझं अक्षर ओळखतो. यात ते सरळ नाही.

नाही. अजून चालत नाही. अक्का गेल्यापासून रोज संध्याकाळी तिला अंगणात ठेवतो. काल ती खांबाला धरून उभी राहिली. आज खांब सोडला, माझ्याकडे बघितलं, आणि धपकन बसली. मग स्वतःच हसली.

परातीतल्या बापाचं काय झालं ते लिहायचं राहिलं. त्याची पिल्लं निघाली. एक एक करून पाठीवरून पाण्यात गेली आणि परातभर झाली. तो दिवसभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या पायांनी पाठीवरची रिकामी टरफलं खरवडून काढत होता. मी त्याला दलदलीत परत सोडला. पाठ हलकी झालेला दिसला, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

नांतुमे आता जड झाली आहे. नव्या गाठीतही पाय माझ्या कमरेखाली लोंबतात. पाऊस थांबेपर्यंत चालेल, असं अक्का म्हणते. मग ती पाठीवर राहणार नाही, आणि राहू नयेच.

मी शब्द दिला होता तो बसथांब्यावरच्या माणसाने दिला होता. त्याच्या पाठीवर तेव्हा कुणी नव्हतं.

ती उतरायच्या आत ये.

कासूले